होडी कुणाच्या हाती द्यायची

आमच्या आबांची होडी फायबरची होती. पुण्यातला कुठलासा बोट क्लब बंद पडला, तेव्हा तिथल्या लिलावातून त्यांनी ती घेतली आणि बैलगाडीत घालून रहाटणीला आणली. पवनेवर मासे धरणाऱ्या आम्हा भोयांच्या बाकी सगळ्या होड्या लाकडाच्या, डांबर फासलेल्या. म्हणून हिला सगळे ‘प्लॅस्टिकची’ म्हणून चिडवायचे. आबांना राग यायचा. “तुमच्या लाकडापरीस लई टिकंल ती,” म्हणायचे.

टिकलीही. पण मी सांगतेय त्या वेळी ती थकली होती. तळाला बारीक चिरांचं जाळं पसरलं होतं. मागच्या फळीपाशी पाय ठेवला की तळ दबायचा आणि जाळं टाकून होईपर्यंत आत घोट्याएवढं पाणी यायचं. आबा वल्हं बाजूला ठेवून डबड्यानं पाणी उपसत बसायचे.

मी तेव्हा सासर कायमचं सोडून माहेरी आले होते आणि पिंपरीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते. माझा थोरला भाऊ आकुर्डीत गाड्यांच्या कारखान्यात. तो कायम झाला आणि त्याला घरातला माशांचा वास सोसेनासा झाला.

“आबा, आता पुरे,” तो म्हणाला. “ती होडी म्हशीला पाणी पाजायला ठेवा.”

आबा उठून नदीवर गेले.

“होडी दुरुस्त होईल,” मी म्हणाले.

दादा आधी हसला. मग दोन-चार दिवसांनी स्वतःहूनच म्हणाला, “भोसरीत माझ्या ओळखीचा एकजण आहे. मशीनची फायबरची कव्हरं करतो. त्याच्याकडे टाकू.” मला बरं वाटलं. होडी टेम्पोतून भोसरीला गेली.

आठवडाभरानं, पहिली पाळी सुटल्यावर, मी पॅकिंगमधल्या मैत्रिणीला घेऊन भोसरीला गेले. ती काळेवाडीची, बोलायला माझ्याहून फटकळ. शेडच्या दारात आमची होडी उलटी ठेवलेली, निळ्या रंगानं चकचकीत. मैत्रीण म्हणाली, “अगं, नवरीसारखी दिसतेय!”

मी तळावर हात फिरवला. मागच्या फळीपाशी अंगठ्यानं दाबलं. तळ पहिल्यासारखाच दबला. मी केसांतली पिन काढून तिथं खरवडलं. रंगाखालून लांबी निघाली, म्हणजे रंगवायच्या आधी खड्डे बुजवायला लावतात ती पुट्टी. तिच्याखाली चीर तशीच होती.

शेडचा मालक धावत आला. “ओ बाई, रंग खराब करताय!”

“चीर तर तशीच आहे. वरून नुसतं लिंपलंय तुम्ही.”

“मला जेवढं सांगितलं तेवढं केलं. तुमचा भाऊच म्हणाला, दिसायला झकास करा. लोणावळ्याच्या हॉटेलवाल्याला द्यायचीय ना?”

दादानं दुरुस्तीला नाही, विकायला पाठवली होती. आबांना न विचारता.

“आणि त्या हॉटेलात कुणाची लेकरं हिच्यात बसली, तर?”

“ते मला काय माहीत? माझं काम रंगाचं.”

“होडी मी घेऊन जाते.”

“तुमच्या हातात नाही देणार. भावानं आणली, भावाला पाठवा. बायकांशी मी व्यवहार करत नाही.”

त्यानं हे आणखी सौम्य शब्दांत सांगितलं असतं, तर मी कदाचित घरी जाऊन भांडले असते. पण त्या शेवटच्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. सासरीही मी हेच ऐकून आले होते. मी तिथल्या दोन कामगारांना म्हणाले, “जरा हात लावा हो, सुलटी करायचीय.” त्यांनी मालकाकडे बघितलं नाही, आधी होडी सुलटी केली. मी चपला काढल्या, पदर खोचला आणि होडीत जाऊन मधल्या फळीवर बसले.

“आता हिच्यावर रंगाचा हात फिरवायचा तर माझ्यावरून फिरवा.”

मालक ओरडला, पोलिसाला बोलावतो म्हणाला. “बोलावा,” मी म्हणाले, “त्यालाही चीर दाखवते.” मैत्रिणीनं माझ्याकडे बघितलं आणि तडक निघून गेली. क्षणभर वाटलं, घाबरून गेली. कोरड्या जमिनीवर होडीत बसलेली बाई बघायला रस्त्यावरची माणसं थांबायला लागली. सायकलवरून घरी चाललेले कामगार एक पाय टेकवून उभे राहिले. कुणी म्हणालं, “काय राव, पूर आलाय का?” लोक हसले. मला लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण उठायची त्याहून जास्त वाटली असती.

ऊन उतरता उतरता भाजीचा एक टेम्पो शेडपुढे थांबला. आत पॅकिंगमधल्या बायका उभ्या होत्या, मैत्रीण सगळ्यात पुढे. तिनं काळेवाडीत घरोघर जाऊन त्यांना उठवलं होतं. त्या उतरल्या, होडीच्या दोन्ही बाजूंनी उभ्या राहिल्या. मैत्रीण मालकाला म्हणाली, “शेठ, आम्ही व्यवहार करायला नाही आलो. उचलायला आलोय.” एवढ्या लोकांसमोर तो बाजूला झाला. होडी उचलून त्यांनी टेम्पोत घातली.

घरी दादा दारातच होता. “माझी अब्रू घालवलीस तू भोसरीत.”

“आबांची होडी विकताना अब्रू कुठं होती?”

आबा आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दादाकडे न बघता होडीपाशी गेले, निळ्या रंगावर नख मारलं आणि म्हणाले, “आता होडी कुणाकडं न्यायाची ते ही पोर ठरवील. तू न्हाई.”

मग मी दुकानं शोधायला लागले. भोसरीच्या प्रकारातून एक गोष्ट शिकले होते: नवीन काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. म्हणून जिथं जाईन तिथं विचारायचे, “तुमचं जुनं झालेलं काम कुठं बघायला मिळेल?” एकानं माझ्यासमोर चकाकणारी नवी टपाची झाकणं मांडली आणि म्हणाला, “ताई, आयुष्यभराची गॅरंटी.” जुनं दाखवा म्हटलं, तर विषय बदलला. दुसऱ्यानं शेडच्या आत पाऊलच टाकू दिलं नाही. काम झालं की बोलावतो, म्हणाला. मी दोघांनाही नमस्कार केला आणि निघाले.

तिसरा चिंचवड स्टेशनच्या मागे होता. अॅसिडच्या टाक्या करायचा. इंजिनीअर होता, पण तोंडाचा अत्यंत तिरसट. मान वर न करता म्हणाला, “होडी मी कधी केलेली नाही. टाकीतलं बाहेर जायला नको, तुमच्या होडीत बाहेरचं आत यायला नको. काम जवळपास तेच आहे. पण खात्री देणार नाही.”

“जुनं काम दाखवाल?”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. धातूला मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात त्यानं दुरुस्त केलेली टाकी होती, तिथला पत्ता सांगितला. मग म्हणाला, “दुसरी एक टाकी माझी फुटली होती. तिकडेही जाऊन विचारा.”

मी दोन्हीकडे गेले. पहिल्या टाकीवरचं ठिगळ ओबडधोबड होतं, पण पक्कं. दुसऱ्या ठिकाणच्या मालकानं त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. शिव्या संपल्यावर म्हणाला, “फुटल्याचं कळलं तसा स्वतः आला. आधी कशी चुकली ते सांगितलं आणि नवी करून दिली. माणूस खडूस आहे, पण तोंड चुकवत नाही.” त्याच दिवशी मी होडी कुणाला द्यायची ते ठरवलं.

इंजिनीअरनं होडी घेतली आणि कामाला हातच लावला नाही. आडोशाला उलटी ठेवून दिली. “आत पाणी मुरलंय. उन्हाळाभर वाळू दे. घाई असेल तर दुसरीकडे न्या.” दादाला हे कळल्यावर त्याला गुदगुल्या झाल्या. “यानंही टोपी घातली बघ तुला.” मी पाळी सुटली की चिंचवडला जायची आणि होडी बघून यायची. तो ‘या’ म्हणायचा नाही, पण ‘जा’सुद्धा कधी म्हणाला नाही.

एके दिवशी त्यानं मलाच हाक मारली. मागच्या बाजूचा तळ कापून उघडा केला होता. दोन थरांच्या मधलं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं काळं, ओलं झालं होतं. त्यानं ते माझ्या हातात दिलं. “वरून कितीही लिंपलं असतं, तरी पुढच्या पावसाळ्यात गेली असती.” सगळं कुजकं काढून त्यानं नवीन लाकूड बसवलं, वर काचेच्या धाग्यांची चादर रेझिन नावाच्या चिकट रसायनात भिजवून थरावर थर दिले. रंग कुठला देऊ, विचारलं तर मी म्हणाले, “तळाला रंगच नको. चीर पडली तर मला दिसली पाहिजे.” तो हसला नाही, पण मान हलवली.

पावसाळा संपून नदीचा गढूळपणा गेल्यावर होडी पाण्यात उतरवली. आबांचा खांदा तोवर धरला होता, वल्हं उचलेना. मी चढले आणि वल्ह्यापाशी बसले.

“बाईनं जाळ्याला हात लावावा, वल्ह्याला न्हाई,” आबा म्हणाले.

“मग कुणाला बसवू? दादाला?”

आबा धोतर खोचून पुढच्या फळीवर येऊन बसले. काठावरच्या दोन-तीन होडीवाल्यांनी काहीतरी शेरे मारले. मी ऐकले आणि वल्हं मारलं. मधोमध गेल्यावर आबांनी वाकून तळाला हात लावला. तळ कोरडा होता. त्यांनी तळवा माझ्याकडे करून दाखवला आणि जाळं सोडलं.

त्यानंतर कंपनीची गुरुवारची सुट्टी मी नदीवरच काढायची. दादानं त्या होडीतल्या माशांच्या कालवणाला बरेच महिने तोंड लावलं नाही. मीही त्याच्यासाठी वेगळी भाजी टाकली नाही.