मामा पडतो तेव्हा

आमच्या मामाइतक्या वेळा मेलेला माणूस साऱ्या झाडीपट्टीत दुसरा सापडायचा नाही. धान निघालं की आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात, आणि मामा त्यांत कायमचा खलनायक. गोळी लागली की तो छाती दाबतो, दोन गिरक्या घेतो, आणि एक हात वर करून आडवा होतो. लोक 'वन्समोर' ओरडले की उठून, धोतर झटकून, पुन्हा मरतो. घरीही तेच. मामी रागावली की हा खाटेवर कोसळतो. मामी म्हणते, "उठा आता, भात थंडा होऊन राह्यला."

हाच माणूस धान कापलेल्या बांधीत, म्हणजे रिकाम्या भातखाचरात, गावच्या पोरींना रग्बी शिकवतो. तालुक्याला एकदा खेळ पाहिला आणि येडाच झाला. पळायचं पुढे, पण चेंडू द्यायचा मागच्यालाच, हे त्याला इतकं आवडलं की पंगतीत वरणाची बादलीही तो न पाहता मागे देऊ लागला. पोरी तयार झाल्या. पण प्रमाणपत्र असलेला प्रशिक्षक नसेल तर संघाला स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणून मामा नागपूरला प्रशिक्षकांच्या शिबिराला गेला. धडे इंग्रजीत, म्हणून घरातली पहिली पदवीधर मी सोबत. मी समजावले, त्याने संवादांसारखे पाठ केले.

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. पळणाऱ्याला मिठी घालून, इजा न होता कसं पाडायचं, ते दाखवायचं. मामा हौसेने पडणारा झाला. जोडीदाराने त्याला अलगद खाली घेतलं, आणि मामाचा हात वर गेला, डोळे फिरले, कण्हणं सुरू झालं. मैदान चिडीचूप. नटाला ही शांतता म्हणजे दाद, म्हणून त्याने आणखी दोन आचके दिले. शिबिराचे सर धावत आले. "कोणी हलवू नका त्यांना!" मग मामा हसत उठून बसला.

"डोक्याला मार लागल्याची शंका आली की त्या दिवशी बाहेर," सर म्हणाले. "नियम आहे."

"साहेब, नाटक होतं जी ते!"

"सगळे खेळाडू असंच सांगतात, काका."

प्रमाणपत्र हुकलं. परतीच्या गाडीत नागभीड येईपर्यंत मामा एवढंच बोलला, "पोरी वाट पाहून राह्यल्या असतील. काय सांगू मी त्यायले?"

पुढच्या शिबिरात पुन्हा बसायची मुभा मिळाली. मग पोरींनी त्याला बांधीत रोज पाडलं. हनुवटी छातीशी, तोंड बंद. पण जमिनीला टेकला की हात वर! "मामा, हात!" पोरी ओरडायच्या. "अवं, त्याले सवयच तशी हाये," मामा आपल्याच हाताबद्दल, शेजाऱ्याविषयी बोलावं तसं म्हणायचा. अखेर नागपुरात तो पोत्यासारखा गुपचूप पडला आणि पास झाला. माझ्या पदवीलाही मी इतकी नाचले नव्हते.

स्पर्धेच्या सकाळी भोंग्यावरून आमच्या संघाच्या प्रशिक्षकाचं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. गावात तो सगळ्यांचा मामा, आणि नाटकाच्या भोंग्यावर पात्राचंच नाव. मामाने आधी मागे वळून पाहिलं.

"मामा, तुलेच बोलावून राह्यले," मी म्हटलं.

"मलेच काय वं?" तो म्हणाला, आणि पोरींच्या पुढे, कसलाही अभिनय न करता, हळूहळू चालत गेला.