फुकटच्या सॉफ्टवेअरातली लग्नपत्रिका

समस्त वाचकांस, आणि त्यातही ज्यांच्या घरी सध्या लग्न निघालं आहे अशा गृहस्थांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, लग्नपत्रिका घरच्या कॉम्प्युटरवर करू नये. फुकटच्या सॉफ्टवेअरात तर मुळीच करू नये. आणि केलीच, तर ती घेऊन रुसलेल्या चुलत्याच्या दारी स्वतः जाऊ नये, टपालाने पाठवावी.

मी हे तिन्ही केलं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं आणि मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कामाला होतो. घरात नुकताच कॉम्प्युटर आला होता. जुनाच होता, पण आमच्या गल्लीत पहिला, त्यामुळे त्याला झालर लावलेलं कव्हर शिवलं होतं आणि त्याच्या खोलीत चपला घालून जायला बंदी होती.

पत्रिकेचं काम छापखान्यात द्यायचं सोडून मी अंगावर का घेतलं, त्याला कारण होतं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी छापखानेवाल्याने ‘आपले नम्र’खाली वडलांचं नाव आधी जुळवलं आणि मोठ्या काकांचं नंतर. वडलांचे सख्खे थोरले भाऊ! त्यांनी पत्रिका वाचली, घडी घातली, परत दिली. माझ्या लग्नाला आले नाहीत, आणि तेव्हापासून वडलांशी बोललेही नाहीत. राजूरच्या गणपतीला चतुर्थीला दोघं भाऊ जायचे, एकाच रांगेत उभे राहायचे, आणि मध्ये एखादा अनोळखी माणूस घालून घ्यायचे.

बहिणीचं लग्न ठरलं त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटून झाल्यावर वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, “दादा आले पाहिजेत. पोरीच्या डोक्यावर त्यांच्या हातच्या अक्षता पडल्या पाहिजेत. बाकी मांडव, बँड, काही कमीजास्त झालं तरी चालंल.”

“आणतो,” मी छाती काढून म्हणालो. “यंदा पत्रिका मीच करतो. चूक व्हायचा प्रश्नच नाही.”

बायको चहा गाळत होती. तिने गाळणीवरची नजर न काढता म्हटलं, “अहो, तुम्हाला त्याच्यावर पत्ते खेळता येतात तेवढेच.”

पण माझ्याकडे सीडी होती. ऑफिसातल्या एका सोबत्याने दिलेली, कुठल्याशा कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर आलेली. लिहायचं, हिशेबाचं, चित्रांचं, सगळं ऑफिस एकाच सीडीत; ओरिजनल आणि तरीही फुकट. ‘ओरिजनल’ आणि ‘फुकट’ हे दोन शब्द एकत्र ऐकायची जालन्याच्या बाजारपेठेला तेव्हा सवय नव्हती. वडलांना तर हे सरळ सरळ फसवणुकीचं प्रकरण वाटलं. सीडी घातल्यावर पडद्यावर इंग्रजी करारनामा आला आणि मी खाली ‘मान्य’वर टिचकी मारणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

“थांब. वाचल्याबिगर सही करू नको. काय लिहिलंय?”

“अहो बाबा, हे कुणीच वाचत नाही.”

“म्हणून तर लोकाच्या जमिनी गेल्या. वाच.”

मग मी तो करारनामा वाचून त्यांना मराठीत सांगत बसलो. अर्धा मला कळत नव्हता, तो मी रचून सांगितला. एक वाक्य मात्र बरोबर कळलं: हे चाललं नाही, काही बिघडलं, नुकसान झालं, तर आम्ही जबाबदार नाही. वडील एकदम खूश झाले.

“म्हंजे बियाण्याच्या पिशवीवर लिहितेत तसंच! उगवलं न्हाई तर कंपनी जबाबदार न्हाई. तुमच्याच लाईनचे लोक दिसतेत. दाब.”

दाबलं. निळी पट्टी पुढे सरकू लागली. ती इतकी हळू सरकायची, की आम्ही आळीपाळीने पहारा ठेवला. पट्टी टोकाला आली की नेमकी वीज जायची. त्या वर्षांत भारनियमन आमच्या दिवसाचं वेळापत्रक ठरवत होतं. बॅटरीचा डबा कुईं कुईं करायचा, बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, “गेली का हो पट्टी?” आणि वीज आली की सगळं पहिल्यापासून: करारनामा, मान्य, पट्टी. वडलांना तो करारनामा पुढे पाठ झाला.

शेवटी एकदाचं ऑफिस बसलं. उघडायला लागायचा वेळ एवढा, की मी टिचकी मारून दाढी करून यायचो. उघडल्यावर आधी मला विचारायचं, नाव नोंदवता का. नको म्हटलं, की पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं. लग्नाच्या पंगतीत आग्रह करतात तसं. मराठी अक्षरं दुसऱ्या एका सीडीतून आणली होती. ती इंग्रजीच्या बटणांवर बसवलेली, त्यामुळे मी ‘श्री’ काढेपर्यंत आधी कंस, मग टक्क्याचं चिन्ह, मग एकदा चक्क टेलिफोनचं चित्र आलं. वाक्याचं पहिलं अक्षर तर हे सॉफ्टवेअर स्वतःच्या अकलेने मोठं करायचं, आणि ते मोठं झालं की मराठीत भलतंच व्हायचं. ‘श्री गजानन प्रसन्न’ लिहायला मला अख्खा रविवार लागला. बायकोने मध्येच डोकावून विचारलं, “प्रसन्न झाला का?”

खरी लढाई नावांची होती. वडलांनी क्रम सांगितला होता: सर्वांत वर दादा. मग ते स्वतः. मग चुलतभाऊ वयाप्रमाणे, मग आम्ही, मग जावई, मग पोरंसोरं. लिहायच्या कागदावर ही नावं सरळ रेषेत बसेनात. एक ओळीत आणलं की दुसरं रेल्वे स्टेशनाकडे निघायचं. मग मी हिकमत केली. त्याच ऑफिसात चौकटी-चौकटींचा हिशेबाचा कागद होता. एका चौकटीत एक नाव, अशी सगळी नावं एकाखाली एक उतरवली. काय ती रांग! शाळेच्या प्रार्थनेसारखी. मी वडलांना बोलावून दाखवलं. त्यांनी सर्वांत वरच्या नावावर बोट ठेवलं, क्षणभर डोळे मिटले आणि उठून बाहेर गेले.

आता फक्त वर गणपतीचं चित्र टाकायला जागा हवी होती. सगळी नावं जरा खाली सरकवायची होती. शोधता शोधता वरच्या पट्टीत मला एक बटण सापडलं. त्याच्यावर दोन इंग्रजी अक्षरं आणि शेजारी खाली जाणारा बाण. बाण खाली, म्हणजे नावं खाली. याहून सोपं काय असतं? दाबलं. नावं हलल्यासारखी वाटली. तेवढ्यात बायको ओरडली, “अहो, वीज जायची वेळ झाली!” मी चित्र कसंबसं वर चिकटवलं, प्रिंट काढली, शाई वाळायच्या आत पिशवीत घातली आणि मोटरसायकलला लाथ मारली.

प्रती तेवढ्या छापखान्यातूनच काढायच्या होत्या. छापखानेवाला म्हणाला, “प्रूफ पाहून घ्या.”

मी म्हणालो, “कॉम्प्युटरवर केलंय.”

त्यावर त्याने, बिचाऱ्याने, नमस्कार केला.

त्या बटणाचा अर्थ नावं वर्णमालेप्रमाणे लावणे असा होतो, हे मला सोबत्याने नंतर सांगितलं. पण आमची मराठी अक्षरं इंग्रजी बटणांवर बसलेली, तेव्हा वर्णमालाही धड नव्हती. ना अ-आ-इ, ना वय, ना मान, ना नातं. त्या सीडीच्या पोटात जो काही क्रम होता, त्याप्रमाणे आमचं सगळं खानदान नव्याने उभं राहिलं होतं, आणि गठ्ठे बांधून घरी आलं होतं.

पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीला ठेवायची, ही आमच्याकडची रीत. वडलांनी पाकिटाच्या चारी कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं, न उघडता देवापुढे ठेवलं, हात जोडले. बाहेर येऊन मोटरसायकलवर माझ्या मागे बसले आणि म्हणाले, “आता दुसरी. चल दादाकडे.”

काकांचं गाव राजूरपासून जवळच. पण त्या रस्त्यावर वडील इतक्या वर्षांत आले नव्हते, त्यामुळे प्रत्येक वळणाला “इथं बाभळ होती का रे?” असं विचारत होते. मोठे काका अंगणात बाजेवर बसले होते. आम्हाला बघून उठले नाहीत, पण पाय खाली घेतले. वडील उभेच राहिले.

मी वाकून पाया पडलो, अक्षत दिली, पाकीट हातात दिलं. “काका, बहिणीचं लग्न आहे. तुमच्याशिवाय होत नाही.”

“माज्याबिगर तुजं झालं की,” काका म्हणाले, आणि पत्रिका काढली.

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ‘आपले नम्र’खाली पहिलं नाव माझ्या मुलाचं होतं. त्याला तेव्हा दातही सगळे आले नव्हते. त्याच्याखाली परभणीचे जावई. मग माझा एक चुलतभाऊ, जो अजून शाळेत होता. काकांचं बोट एकेका नावावर टेकत खाली येत होतं. वडलांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की तो डाग लग्नाच्या फोटोत आहे.

“हे कुनी लिवलं?” काकांनी विचारलं.

“कॉम्प्युटरनं,” मी म्हणालो. एवढंच सुचलं.

“त्याला कुनी सांगितलं, आमच्यात कोन मोठा ते?”

आतून काकू, आमची मोठी आई, दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. बोट जावयांवरून, भाच्यांवरून खाली, आणखी खाली उतरलं आणि काकांच्या स्वतःच्या नावावर येऊन थांबलं. वडील हळूच म्हणाले, “दादा, मी तुमचं नाव पहिलं सांगितल्तं. गणपतीची आन. ह्या पोरानं...”

काकांनी दुसऱ्या हाताने त्यांना गप्प केलं. बोट पुन्हा हललं होतं. एक नाव खाली. आणखी एक. आणि सगळ्यांत तळाला, जिथे नावं संपून विवाहस्थळ सुरू होतं, तिथे ते टेकलं. काकांनी पत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग माझ्या वडलांकडे पाहिलं, कितीतरी वर्षांनी, सरळ तोंडाकडे. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या, आणि आधी मला वाटलं हे रागानेच आहे. ते एकदम बाजेवरून उठले आणि सगळं गाव ऐकेल एवढ्या मोठ्याने दाराकडे वळून ओरडले:

“अगं ए, माजा चष्मा आन, जल्दी! ह्यो धाकला माज्याबी खाली गेला बघ, पार तळाला! आता मला लग्नाला जावंच लागतं!”