खालच्या खोलीची खिडकी

मंडळी, आज घरात एका खिडकीवरून वाद झाला.

आमचं खर्डीचं घर उतारावर आहे. दार वरच्या अंगाला, आणि खालच्या खोलीची खिडकी मागच्या अंगणात जमिनीलगत. अर्धांगवायू झाल्यापासून बाबांना पायऱ्या चढता येत नाहीत, म्हणून ते खालीच, खिडकीला लागून असलेल्या खाटेवर झोपतात. गेल्या आठवड्यात आम्ही सगळे शेतावर असताना कुणीतरी खिडकीचे कुजलेले गज उपटून आत शिरलं आणि फवारणीचा पंप घेऊन गेलं. बाबा बघत होते, पण त्यांना ओरडता आलं नाही.

आज फॅब्रिकेटर मापं घ्यायला आला. मी सांगितलं, जाड लोखंडी गज आणि बारीक जाळी लाव, बोटसुद्धा आत जाता कामा नये.

बाबांचे मित्र पांडूकाका खिडकीबाहेर अंगणात बसले होते. रोज दुपारी ते खिडकीतून हात घालून बाबांना मळलेली तंबाखू देतात.

"मंग मी तंबाखू कुठून देऊ रे?"

"काका, दारातून या की."

"माजं गुडगं नाय चालत. तुमच्या पायऱ्या कोण उतरल?"

मी वैतागलो. तेवढ्यात बाबांनी चालत्या हाताने भिंत ठोकली. थांबेचनात.

शेवटी जाळीत एक छोटं दार ठेवायचं ठरलं, कडी आतून.

"कडी किती उंचीवर?" फॅब्रिकेटरने मला विचारलं.

बाबांनी पडल्यापडल्या डावा हात वर केला आणि जिथे पोचला तिथे चौकटीवर बोट टेकवलं. खडूची खूण तिथेच झाली.

तुमच्या घरातल्या कड्या कुणाच्या हाताला पोचतात?