बरणीतला आगंतुक

लग्न होऊन मी लांज्याला आले तेव्हा बाबांनी माझ्याबरोबर एक काचेची बरणी दिली. गोळ्या-बिस्किटांची, रुंद तोंडाची. रत्नागिरीत बंदराजवळ त्यांचं दुकान होतं. बरणीत समुद्राचं पाणी आणि ओहोटीला उचललेला एक दगड, त्यावर तांबडं समुद्रफूल. फूल कसलं, जिवंत प्राणीच तो. भिजवलेली सुकट पुढे केली की पाकळ्या मिटून खायचा. नवरा नोकरीसाठी मुंबईला. सासरी समुद्राचा आवाजसुद्धा नाही. तो आवाज नसला की मला झोप लागत नसे. दिवसा काम उरकलं की मी त्या बरणीपुढे जाऊन बसे, आणि सासूबाई म्हणत, "सून आणली का बरणी?"

बाबा पंधरवड्याला मोटारवाल्याच्या हाती समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या पाठवीत. सगळं नीट चाललं होतं. मग फुलाच्या पाकळ्या कुरतडलेल्या दिसू लागल्या.

दगडाबरोबर बिनबोलावलेले पाहुणेही आले होते, हे मला तेव्हा कळलं. फटीत चार गोगलगायी होत्या. त्यांच्यावर संशय घेऊन मी त्या काढून टाकल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्या बिचाऱ्या काचेवरचं शेवाळ खात होत्या, हे काच हिरवी झाल्यावर उमजलं. पुढे एका सकाळी तळाशी नखाएवढा खेकडा पडलेला दिसला. पाकळ्यांचा चोर हाच, आणि मेला एकदाचा, म्हणून मला कोण आनंद! सासूबाईंनी वाकून पाहिलं. शेताच्या बांधावरचे खेकडे धरण्यात त्यांचा जन्म गेलेला.

"अगो, ही नुसती कात हाय. आतला आता आणखी मोठा झाला आसंल."

मग मी बरणीत एक पेला तिरका टेकवून त्यात सुकट टाकली. दुसऱ्या दिवशी आयत्या बिळावरचे नागोबा पेल्यात! गुळगुळीत काचेवर पाय ठरेनात, बाहेर येता येईना.

"एवढ्याचं कालवण तरी काय व्हनार? टाक परसात," सासूबाई म्हणाल्या.

माझा हात होईना. फुलासाठी राग होता, पण तोही माझ्याच गावचा. परसात काय, इथल्या गोड्या पाण्यातही तो जगला नसता. आणि खरं तर मलाच घरी जायचं होतं. आई नव्हती, माहेरपणाला बोलावणार कोण? "ह्याला समुद्रात सोडून येते," एवढं म्हटलं आणि रडूच फुटलं.

सासूबाईंनी पेल्याच्या तोंडाला फडकं बांधून तो माझ्या हातात दिला. चुलत सासरे कोर्टाच्या कामाला रत्नागिरीस निघाले होते.

"जा त्यांच्याबरोबर. पन सांजच्या मोटारीनं परत ये."

दुकान तसंच उघडं टाकून बाबा माझ्याबरोबर पाण्यापर्यंत आले. मी पेला उपडा केला. खेकडा जरासा थबकला, मग तिरका तिरका पळत कातळाच्या फटीत शिरला. मी तिथेच काळ्या वाळूवर बसले. लाट पायांवर येत होती, जात होती. लुगडं भिजलं तरी उठवेना. बाबा शेजारी उभे होते. उन्हं कलली तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

"ऊठ बाय. मोटार चुकेल."