धर्मकाट्यावरची शाळा

माझे भावजी, राघोभावजी, यांच्याबद्दल पडघ्यात दोन मतं आहेत. अर्धे म्हणतात, असा बाप कुठे मिळत नाही. उरलेले म्हणतात, शिकवण्याच्या नादात पोरगं घालवलं. दोन्ही पार्ट्या येऊन बोलतात माझ्याच दुकानात, कारण मी पंखे आणि ट्यूबलाइट विकतो, आणि गिऱ्हाइकाला तोंड बंद ठेव म्हणायची सोय नसते. ते गेले की मी एकटाच चरफडत बसतो. म्हणून काय झालं ते एकदा सांगून टाकतो.

भावजी हायवेवरच्या धर्मकाट्यावर कामाला. ट्रक काट्यावर चढायचा, केबिनमधल्या मशीनवर वजनाचा आकडा यायचा, भावजी पावती फाडायचे. भिवंडीहून कापडाच्या गाड्या, नाशकाकडून कांद्याच्या, आणि अजून कुठून कुठून लोखंड, खत, धान्य. माझी बहीण दिपाली, मुलगा भाविक, त्याच्यापेक्षा लहान मृणाली आणि भावजींची आई आक्का, एवढं घर.

भाविक तिसरीत असताना मास्तरांनी निरोप पाठवला, पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. वजाबाकीत हातचा घ्यायची वेळ आली की तो खिडकीतून बाहेर बघायचा. भावजी स्वतः मार खाऊन सातवीपर्यंत पोचलेले. त्यांना दुसरं औषध ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी पट्टी उचलली. दोनच फटके मारले असतील, पोराची चड्डी ओली झाली. भावजींनी पट्टी मोडून चुलीत घातली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की ते भाविकला काट्यावर नेऊ लागले. शिकवायला म्हणून नाही, आक्का घरी येताजाता त्याला ‘ढ’ म्हणायच्या, त्यातून सोडवायला. पोराने तिथे बसल्या बसल्या विचारलं, “बाबा, मघाशी हीच गाडी आली तवा आकडा मोठा व्हता. आता कमी का?” भावजी म्हणाले, “माल उतरवला. किती उतरवला ते तूच सांग.” आणि पोराने सांगितला. हातचा घेऊन, बरोबर.

मग भावजींना वेडच लागलं. ट्रक चढायच्या आधी वजनाचा अंदाज बांधायचा, ज्याचा जवळ जाईल त्याने ड्रायव्हरला पावती द्यायची. गाडी कुठल्या राज्याची ते नंबर प्लेट बघून ओळखायचं. काट्यामागच्या भिंतीवर त्यांनी गेरूने भारताचा नकाशा काढला. गुजरातचं नाक जरा वाकडं आलं होतं, पण भारत ओळखू यायचा. गाडी आली की त्या राज्यात रंगाचा अंगठा उठवायचा. गावातली पोरंही जमू लागली. मी टिंगल करायचो, “भावजी, फी किती घेता?” ते हसून म्हणायचे, “तुम्ही एक ट्यूबलाइट लावून द्या, बास.” ती मी दिली.

सगळ्यात गमतीचा खेळ मात्र भाविकचा स्वतःचा. ड्रायव्हर खाली उतरला की त्याला विचारायचं, “पानी को आपके उधर क्या बोलते हैं?” तमिळ ड्रायव्हरने ‘तन्नी’ सांगितलं त्या दिवशी घरातला हंडा, आंघोळीची बादली, चहाचं आधण, सगळी तन्नी झाली. दिपाली हसून हसून थकली. मृणाली तेव्हा सहा वर्षांची. ती दादाच्या मागे मागे फिरून दर दोन मिनिटाला ‘हे काय’ आणि ‘ते का’ करायची. तेवढं सुखाचं घर मी पुन्हा पाहिलं नाही, माझं स्वतःचं धरून.

दोन हजार चार सालच्या डिसेंबरात, दुपारी, समोरच्या ढाब्यावर एक गाडी लागली. नंबर एम-एन, मणिपूर. त्या राज्यात एकही अंगठा नव्हता. गाडी दाखवली भावजींनीच. “भाविक, बघ रे, एम-एन,” असं म्हणून ते काट्यावरच्या ट्रकची पावती फाडायला वळले. रस्त्यापलीकडे जायचं नाही, हा नियम पोराला पाठ होता. पण गाडी निघून जाईल या भीतीने ते पोर धावलं. भिवंडीकडून टेम्पो आला. टेम्पोवाल्याचा दोष नव्हता, असं सगळे म्हणाले. मग कोणाचा होता, तेही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

तेराव्याला आक्का भरल्या घरात म्हणाल्या, “ढ व्हता तं व्हता. घरात तं व्हता.” म्हातारीचंही काळीज फाटलेलं होतं, मला कळतं. तरी त्या वाक्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. नकाशावर भावजींनी स्वतः चुना मारला आणि पोरांना हाकलून दिलं.

मग त्यांनी मृणालीला शिकवायला घेतलं. पाढे घोकायचे, धडा दहादा लिहायचा, मान वर करायची नाही. शाळेत नेणं-आणणं स्वतः करायचे, तिचं मनगट इतकं घट्ट धरून की वळ उठायचे. रस्त्यात तिने काही विचारलं की एकच उत्तर असायचं, “दादा विचाराला गेलता ना? मंग?” मारत नव्हते, ओरडतही नव्हते. हळू आवाजात, एवढंच. पोरगी पहिल्या दुसऱ्या वेळी रडली. पुढे तिने विचारणंच सोडलं.

तीन वर्षं गेली. एक दिवस दिपाली माझ्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, “भाऊ, एक पोर गेला. दुसरी जित्ती हाय, पन घरात न्हाय. हाक मारली तं ‘ओ’ देते, जेवायला घातलं तं जेवते. तू बोल त्यांच्याशी.”

मी काय बोलणार होतो? मी आपला शाळेत पालकांना बोलावलं होतं त्या दिवशी भावजींच्या सोबत गेलो. चौथीच्या सुचेताबाई नव्याने आलेल्या, हसतमुख. मृणालीचं प्रगतिपुस्तक दाखवून म्हणाल्या, “वर्गात पहिली आहे. आणि इतकी शांत, अहो, अशी पन्नास मुलं मिळाली तर मला घसा दुखायचा त्रास होणार नाही. वर्षभरात एक प्रश्न विचारला नाही हिने.”

बाईंनी ते कौतुकाने सांगितलं होतं. भावजींनी हात जोडले, बाहेर आले आणि पायरीवर बसले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी आणू का विचारलं तर मान हलवली. मग म्हणाले, “बाई खूश हाय, ऐकलंत ना? एक पन प्रश्न न्हाय. माझ्या पोरीला मी मुकी केली.” मी पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच थांबलो. मृणाली भिंतीला टेकून धडा लिहीत होती. भावजी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, “वही मिट. काय तरी विचार मला.”

ती आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. चुकलं कुठे ते शोधणाऱ्या मुलांचे डोळे असतात ना, तसे तिचे डोळे होते. मग म्हणाली, “मी काय नाय केला बाबा.”

“ठावं हाय गो. तरी विचार. काय पन.”

“रागवाल.”

“न्हाय रागावनार.”

“मग मी पन जाईन ना? दादासारखी?”

दिपालीने तोंडात पदर कोंबला. भावजींच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. म्हणाले, “न्हाय. विचारलं म्हनून कोन न्हाय जात. मी तुला खोटं सांगितलं. इतकी वर्सं खोटं सांगितलं.”

ती पेन्सिलीचं टोक नखाने खरवडत होती. मग एकदम हळू, बापाच्या तोंडावरची नजर न काढता, तिने विचारलं, “दादा काय विचाराला गेलता?”

घरात इतकी माणसं येऊन गेली होती. टेम्पो किती जोरात होता, पोलिसांनी काय लिहून घेतलं, पैसे मिळाले का, सगळं सगळ्यांनी विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

“मनिपूरमधी पान्याला काय बोलतात, ते,” भावजी म्हणाले.

“मग काय बोलतात?”

“ठावं न्हाय गो मला,” भावजी म्हणाले. “उद्या काट्यावर चल, कोनाला तरी विचारू.”