जमिनीखालचे साडू

पुण्याकडे वरून बघणारी माणसं पुष्कळ. खालून बघणारं माणूस जगात एकच, आणि ते नेमके माझे साडू निघाले. आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उगवायला लागल्या, त्या काळात साडू त्यांचे पाय रोवायचे. म्हणजे काय, तर एक लांबलचक पोकळ मळसूत्र जमिनीत फिरवत उतरवायचं आणि वर काढताना त्याच्याच पोटातून काँक्रीट सोडत यायचं. या खांबाला ते पाईल म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज अंगाई गाताना व्हावा तसा होई. एकदा काँक्रीट सोडायला घेतलं की खांब पुरा होईतो जागचं हलायचं नाही, हा त्यांचा धर्म. आम्ही नव्या इमारतीचे मजले मोजत असताना हे गृहस्थ फरसबंदीकडे टक लावून, कुठेतरी हरवलेले. "अहो, काय बघताय?" "खाली जंगल आहे. नुसती खोडं, अंधारात उभी. किती शांत वाटतं." आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला त्यांनी टाइल्सचं कौतुक केलं नाही की ओट्याचं. पार्किंगमधल्या एका खांबाला हात लावून डोळे मिटून उभे राहिले. वॉचमनने विचारलं, "हे पाहुणे तुमचेच का?" मी आधी नाहीच म्हणणार होतो.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. जावई अमेरिकेतला, लग्नानंतर लगेच तिकडे जायचं. तिचं मागणं एवढंच, "अंतरपाट धरतील तेव्हा बाबा मला समोर दिसायला हवेत." आणि लग्नाच्या सकाळी साडू वारज्याच्या साइटवर "नुसतं डोकावून" यायला गेले. नाल्याकाठची भरावाची जमीन, एक खांब अर्ध्यावर, आणि तेवढ्यात काँक्रीटचा पंप तुंबला. दुसरा कुणीही सुपरवायझरवर सोपवून निघाला असता. इकडे शनिवार पेठेतल्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला. लेक आमच्या हिला म्हणाली, "मावशी, आणखी म्हणा ना." मग हिने, आत्यांनी, शेवटी मीसुद्धा मंगलाष्टकं लांबवली. माझा सूर ऐकून मंडळी दाराकडे बघू लागली. काही साडूंसाठी, काही सुटकेसाठी. भटजी म्हणाले, "गाणं ठीक आहे. मुहूर्त मात्र थांबत नाही." अक्षता पडल्या, हार घातले गेले.

तेव्हा साडू दारात उभे. नवा सदरा, कोपरापर्यंत ओलं सिमेंट. "पुरं करून आलो," एवढंच म्हणाले आणि खाली विखुरलेल्या अक्षतांकडे बघत राहिले. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तो तिथेच विरघळला. लेक बोहल्यावरून उतरली, शालू सावरत खाली वाकली, जमिनीवरच्या अक्षता गोळा करून त्यांच्या हातात ठेवल्या. "टाका बाबा. त्याशिवाय माझं लग्न लागलं असं मी धरत नाही."

साडूंची मूठ उघडेना.

"टाका हो," मी हळूच म्हणालो.

"टाकल्या की जाईल हो ती," ते माझ्या कानाशी म्हणाले.

शेवटी मीच त्यांचं मनगट धरून हात वर नेला, तेव्हा कुठे मूठ सुटली. थोडे दाणे तिच्या केसांत अडकले. बाकीचे ओल्या सिमेंटला चिकटून त्यांच्या तळहातावरच राहिले.