ताट छातीपाशी थांबलं

आज भाऊबीज. शेजारच्या घरातून निरांजनातल्या तुपाचा वास आला आणि मी नऊ वर्षांमागे, हिंगणघाटला, धाकट्या बहिणीच्या घरी जाऊन पोचलो.

सुमनला खाली बसलं की उठता येत नसे, म्हणून आम्ही समोरासमोर खुर्च्यांवर होतो. तिच्या पापण्या जांभळट, बोटांचे सांधे लाल. तिनं उचललेलं ताट छातीपाशीच थांबलं.

"भाऊ, तूच वाक न जरा. हात वर जाऊन नाई राह्यला."

"भावालेच वाकवतं का वं?" मी हसून वाकलो.

टिळा लावता लावता तिनं विचारलं, "डॉक्टरीणबाईनं अजून काई सांगतलं का?"

"नाई. गोळ्या घे म्हणे, आराम कर."

आठवड्यापूर्वीच डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं होतं. कातडीच्या आणि स्नायूंच्या या आजाराला डर्मॅटोमायोसायटिस म्हणतात, त्याच्यामागे कधी कधी कॅन्सर लपलेला असतो, पोटाच्या तपासण्या लगेच करा. मी म्हटलं, दिवाळी तरी गोड जाऊ दे. मग गोळ्यांनी तिचे हात थोडे वर जाऊ लागले आणि मी गप्पच राहिलो. होळीला पोट फुगलं, तोवर अंडाशयातला कॅन्सर पसरला होता.

आधी कळून ती वाचलीच असती, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. पण विचारलं तिनं होतं, आणि उत्तर माझ्याकडे होतं.

सुमनचे यजमान, आमचे जावई, अजूनही भेटले की म्हणतात, "भाऊ, तुमी होते म्हणून तिचं एवढं तरी झालं." मी मान हलवतो.